सिग्नस एक्स-१ एका शनिवारी उजळ, पुढच्या शनिवारी मंद. भावाचा दोष की ताऱ्याचा?

शेतावरचा_दुर्बीणवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिलाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारपासून दर शनिवारी गावाकडे शेतावर जाऊन सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराचे फोटो काढतोय. म्हणजे हंस तारकासमूहात ईटा सिग्नी नावाचा तारा आहे, हंसाच्या मानेतला, त्याच्यापासून जेमतेम अर्ध्या अंशावर नवव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) एक ठिपका आहे तो. साधा डीएसएलआर, २०० एमएमची लेन्स, खाली ट्रॅकर, म्हणजे आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र. दर वेळी रात्री आठ ते नऊ, तीस-तीस सेकंदांचे चाळीस फोटो, फोकस मुद्दाम थोडा बिघडवलेला, मग फक्त हिरवा चॅनेल घेऊन त्याच फ्रेममधल्या तीन ताऱ्यांशी तुलना आणि चाळीसची सरासरी. बाजूचे तारे एकमेकांशी ताडून बघितले तर ०.०१ प्रतीच्या आत जुळतात, त्यामुळे मोजणी अगदीच वाया नाही असं मला वाटतं.

आता गंमत बघा. पहिला शनिवार उजळ, दुसरा मंद, तिसरा उजळ, चौथा मंद, पाचव्याला ढग त्यामुळे काहीच नाही, सहावा मंद, सातवा उजळ. उजळ आणि मंद यात फरक साधारण ०.०४ प्रत, म्हणजे चारेक टक्के. डोळ्यांना काही कळणार नाही पण आकड्यांत दर वेळी तसंच येतंय.

एक कबुली देतो. माझा भाऊ बँकेत आहे, त्याला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, तेव्हा तो येतो आणि फोकस तो करतो. त्यामुळे घरात सध्या आरोप-प्रत्यारोप चालू आहेत.

आणि दुसरा प्रश्न, जरा बाळबोध आहे. कृष्णविवरातून प्रकाशच बाहेर पडत नाही तर मग कमी-जास्त होतंय ते नेमकं काय?

तिखट_भेळ

भाऊच. शंभर टक्के भाऊ. दुसरा शनिवार मंद, चौथा शनिवार मंद, अजून काय पुरावा पाहिजे 😄

सिरियसली बोलायचं तर डीएसएलआरने ०.०४ पकडायला जाणं म्हणजे भाजीवाल्याच्या काट्यावर सोनं मोजणं. फ्लॅट फ्रेम्स (लेन्सचा कमी-जास्तपणा काढायला एकसारख्या उजेडाचे फोटो) घेता का? लेन्सवर दव बसतं का? ऑक्टोबर संपला की आमच्याकडे नऊ वाजेपर्यंत लेन्स ओली व्हायला लागते. आणि चंद्र? चंद्र पण पंधरा दिवसांनी बदलतो बरं का.

शेतावरचा_दुर्बीणवाला

फ्लॅट घेतो, पांढरा टी-शर्ट लेन्सवर ताणून सकाळच्या आकाशाचे. दवासाठी लेन्सला पायमोजा गुंडाळून आत हँड वॉर्मर ठेवतो. चंद्राचं बघितलं, पण एका उजळ शनिवारी चंद्र होता आणि दुसऱ्या उजळ शनिवारी नव्हता, त्यामुळे त्याच्यावर घालता येत नाही.

निवृत्त_भूगोलवाले

काही फोटोग्राफीचा दोष नसावा. कृष्णविवर ताऱ्याच्या समोरून जात असेल, तेव्हा ग्रहण लागून प्रकाश कमी होत असेल. परग्रह असेच शोधतात ना.

प्रकाशआलेख

धागा वाचून मजा आली, कारण भावाची सुटका तुमच्याच आकड्यांत आहे आणि तुम्ही ती बघितली नाही.

ऑक्टोबरला पाच शनिवार आले असणार. पाचवा ढगात गेला. म्हणजे तुमचा सहावा शनिवार हा नोव्हेंबरचा पहिला, त्या दिवशी बँक चालू, भाऊ नाही, तरी तारा मंद. आणि सातवा म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा, भाऊ आला, फोकस त्याने केला आणि तारा उजळ. भाऊ दोषी असता तर हे दोन्ही उलटे यायला हवे होते. शिवाय मध्ये एक शनिवार बुडाला म्हणून तुम्हाला लागोपाठ दोन वेळा मंद मिळाला. उपकरणाचं एक आड एक काही होत असतं तर चौथ्यानंतरचं तुमचं पुढचं सेशन उजळ आलं असतं. तुमचा तारा सेशन मोजत नाहीये, कॅलेंडर मोजतोय.

आता का ते. तुम्हाला जो ठिपका दिसतो तो कृष्णविवर नाहीच, तो त्याचा जोडीदार. एचडीई २२६८६८ नाव त्याचं, ओ प्रकारचा, म्हणजे अतिशय तापलेला, निळा महातारा, धुळीतून बघतो म्हणून एवढा निळा वाटत नाही. त्याची त्रिज्या सूर्याच्या वीसेक पट, म्हणजे दीड कोटी किलोमीटरच्या आसपास. आणि कृष्णविवर त्याच्यापासून साडेतीन-पावणेचार कोटी किलोमीटरवर. आकडे शेजारी ठेवून बघा, दोघं किती खेटून आहेत ते लक्षात येईल. कृष्णविवराचं वस्तुमान २०२१ च्या मोजणीनुसार सूर्याच्या २१ पट, ते इतक्या जवळून ओढतंय म्हटल्यावर तारा गोल राहतच नाही, लांबट होतो. भरताचं वांगं डोळ्यासमोर आणा, देठाची बाजू कृष्णविवराकडे. वांगं आडवं दिसलं की मोठं दिसतं, जास्त प्रकाश. देठाकडून किंवा बुडाकडून बघितलं की लहान, कमी प्रकाश. त्यात परत ओढलेल्या टोकाचा भाग जरा थंड असतो, म्हणून तो आपल्याकडे आला की अजून थोडा मंद. तर एका प्रदक्षिणेत दोनदा उजळ, दोनदा मंद.

आणि प्रदक्षिणा ५.६ दिवसांची. म्हणजे उजळ-मंद-उजळ हे चक्र २.८ दिवसांचं. आता ७ ला २.८ ने भागा. अडीच! बरोब्बर अडीच चक्रं. तुम्ही दर सात दिवसांनी त्याच वेळेला बघताय, म्हणजे दर वेळी अर्धं चक्र जास्तीचं, म्हणून एकदा वर एकदा खाली. तुमचा शनिवार नेमका शिखराच्या आणि दरीच्या जवळपास पडला हे नशीब, नाहीतर दोन्ही शनिवार मधल्या उंचीवर आले असते आणि तुम्ही म्हणाला असता की तारा स्थिर आहे.

ग्रहणाबद्दल: सर, सूर्याच्या २१ पट वस्तुमानाच्या कृष्णविवराचा व्यास सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याएवढा सुद्धा नाही. दीड कोटी किलोमीटर त्रिज्येच्या ताऱ्यासमोरून ते गेलं काय न गेलं काय. आणि मुळात ते समोरून जातच नाही, आपण त्या कक्षेकडे बरंचसं वरून बघतोय, कल साधारण २७ अंश. वरून बघतोय म्हणूनच वांग्याचा फरक एवढासा, चार-पाच टक्के. आडवं बघितलं असतं तर यापेक्षा बराच जास्त दिसला असता.

निवृत्त_भूगोलवाले

चूक मान्य. वांगं लक्षात राहील.

तिखट_भेळ

काटा सोन्याचाच निघाला म्हणायचा. माझे शब्द परत घेतो, भेळेसकट.

अनुराधा_म

वाचतेय, फार छान चाललाय धागा. पण मला थोडी निराशा झाली खरं तर. म्हणजे या सगळ्यात कृष्णविवराचं काम काय, तर फक्त ओढणं. त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं काहीही ठेवलं असतं तरी वांगं झालंच असतं ना? असं कुठे नाही का की जिथे दिसणाऱ्या प्रकाशातला चढउतार हा खरोखर विवराच्या तोंडाशी जे चाललंय त्याचा आहे?

ढगांचा_दुश्मन

अनुराधाताई, आहे की. आणि त्याची आठवण काढली की माझं अजून डोकं फिरतं.

व्ही४०४ सिग्नी. त्याच हंसात, आपल्यापासून ७८०० प्रकाशवर्षांवर. तिथलं कृष्णविवर सूर्याच्या नऊ पट, जोडीदार मात्र सूर्यापेक्षाही हलका, नारिंगीसर, साडेसहा दिवसांची कक्षा. एरवी हे प्रकरण अठराव्या प्रतीचं, आपल्या दुर्बिणींच्या गावीही नाही. १९३८ साली तो नोव्हा, म्हणजे अचानक उजळलेला तारा, समजून नोंदला गेला होता, नंतर १९८९ मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाला तो क्ष-किरणांत भडकलेला सापडला, १९९२ ला त्याच्या जोडीदाराचा वेग मोजून ठरलं की आतली वस्तू न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गोळा) असूच शकत नाही इतकी जड आहे, म्हणजे कृष्णविवरच. आणि मग २६ वर्षं झोप. १५ जून २०१५ ला स्विफ्ट उपग्रहाने उठवलं सगळ्यांना.

आता तारीख बघा. १५ जून! जगभर लोक आठ इंची दुर्बिणी लावून बसलेत, ठिपका अकराव्या-बाराव्या प्रतीपर्यंत आलाय, तासाभरात दोन-दोन प्रती वर-खाली होतोय, आणि मी गच्चीवर छत्री घेऊन. दोन आठवडे. एक रात्र मिळाली नाही. एकदा पहाटे तीनला दहा मिनिटं फट पडली, दुर्बीण बाहेर काढेपर्यंत परत झाकलं, आणि वर ताडपत्रीतलं पाणी आयपीसवर. जुलैत आकाश उघडलं असतं तरी उपयोग नव्हता कारण तोवर साहेब परत झोपले होते.

असो. मुद्द्याचं सांगतो. क्योटो विद्यापीठातल्या मारिको किमुरा आणि सोबतच्या बऱ्याच लोकांनी जगभरातल्या छोट्या-मोठ्या दुर्बिणींची निरीक्षणं एकत्र केली, त्यात हौशी लोकांचीही होती. जपानात उजाडलं की पश्चिमेकडचे कुणीतरी चालू ठेवायचे, अशी साखळी. त्यातून दिसलं की प्रकाश नुसता वेडावाकडा उड्या मारत नाहीये, त्यात ठरावीक नक्षी परत परत येतेय. हळूहळू चढतो, मग धाडकन पडतो, परत चढतो. कधी शंभरेक सेकंदांत, कधी अडीच तासांत. जानेवारी २०१६ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. अशी नक्षी आधी क्ष-किरणांत माहीत होती, पण साध्या दिसणाऱ्या प्रकाशात, वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीच्या टप्प्यात, हे नवीन होतं.

प्रकाशआलेख

क्ष-किरणांतली नक्षी म्हणजे जीआरएस १९१५+१०५, हेही एक कृष्णविवर. तिथे आपला संबंध आहे म्हणून मध्ये तोंड घालतो. १९९६ साली पीएसएलव्हीने आयआरएस-पी३ उपग्रह सोडला, तसा तो पृथ्वीवरची पिकं-जंगलं बघणारा, पण त्यावर एक छोटं क्ष-किरण उपकरण बसवलं होतं, त्यात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा मोठा हात. त्यांनी १९९७ मध्ये या जीआरएस १९१५ चे घड्याळासारखे येणारे भडके नोंदवले. फक्त तो तारा आकाशगंगेच्या धुळीत इतका आत आहे की दिसणाऱ्या प्रकाशात बघायचा प्रश्नच येत नाही. व्ही४०४ च्या वाटेतही धूळ आहेच, चार प्रतींचा प्रकाश खाते. ती नसती तर २०१५ ला बायनॉक्युलर पुरला असता.

ढगांचा_दुश्मन

बायनॉक्युलरवरही ताडपत्रीतलंच पाणी पडलं असतं, सोडा.

अनुराधा_म

पण मग प्रकाश येतो कुठून? विवर काळं, जोडीदार अठराव्या प्रतीचा मंद. अकराव्या प्रतीला नेलं कोणी?

प्रकाशआलेख

तबकडीने. जोडीदाराकडून ओढलेला वायू सरळ आत पडत नाही, बेसिनमधल्या पाण्यासारखा गोल गोल फिरत तबकडी करून बसतो. वर्षानुवर्षं साठत राहतो, थंडच असतो. मग कुठेतरी तापमान इतकं चढतं की हायड्रोजन आयनीभूत व्हायला लागतो, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन सुटायला लागतात, दहाएक हजार अंशांच्या पट्ट्यात, आणि तिथे वायूचा चिकटपणा एकदम बदलतो, घर्षण वाढतं, अजून तापतं, शेजारचा पट्टा तापवतं, सगळी तबकडी पेटते आणि माल वेगाने आत घसरतो. आतल्या काठाशी लाखो-कोट्यवधी अंश, तिथून क्ष-किरण. ते क्ष-किरण बाहेरच्या थंड तबकडीवर पडतात, ती तापून साध्या प्रकाशात चमकते. किमुरांच्या नक्षीचा मोठा भाग असाच समजावला गेलाय: आत जे धडधडतंय त्याचं बाहेरच्या अंगणात पडलेलं ऊन.

आणि नक्षी का, तर कक्षा मोठी म्हणून तबकडी मोठी, पण त्या दोन आठवड्यांत तिचा आतला भागच रिकामा होत होता आणि बाहेरून माल वेळेवर पोचत नव्हता. पुरवठा तुटक म्हणून चढ-धाड-चढ-धाड. वरून टाकी भरलेली पण नळ फुरफुरतोय, असं काहीसं.

पण ताई, तुम्ही विचारलंत ते "तोंडाशी" याहून जवळ आहे. मोठ्या तबकडीच्या काठापर्यंत उजेड पोचायलाच काही सेकंद ते अर्धा मिनिट लागतं. म्हणून तबकडीचं चमकणं एका मर्यादेपेक्षा चपळ असूच शकत नाही, सगळं पुसट होऊन जातं. पोषक गांधी आणि सहकाऱ्यांनी ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीला अल्ट्राकॅम नावाचा अतिवेगवान कॅमेरा लावून त्याच जूनमध्ये बघितलं, तर लाल रंगाच्या लखलख सापडल्या, काही तर सेकंदाच्या चाळिसाव्या भागापेक्षा छोट्या. चाळिसाव्या भागात प्रकाश साडेसात हजार किलोमीटर जातो. म्हणजे चमकणारी जागा पृथ्वीच्या व्यासापेक्षाही लहान. तबकडी कोटभर किलोमीटरची, तिचं हे काम नाही. लाल आहे म्हणजे तापलेल्या वायूचंही नाही, तो निळसर असता. ते विवराजवळून सुटणाऱ्या झोताचं, जेटचं काम.

मग २०१७ मध्ये त्यांनीच दाखवलं की क्ष-किरण आधी भडकतात आणि साधा प्रकाश ०.१ सेकंद मागाहून. त्या ०.१ सेकंदात झोतातला माल आतून निघून जिथे चमकायला लागतो तिथवर पोचतो, तीस हजार किलोमीटरच्या आतलं अंतर. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला माझा आवडता आकडा हाच. ७८०० प्रकाशवर्षांवरची वस्तू, कुठल्याही दुर्बिणीत ठिपक्यापलीकडे न दिसणारी, आणि आतलं अंतर मोजलं नुसत्या घड्याळाने.

हस्त_चित्रा

उशिरा आले धाग्यावर. २०१८ चा कुणी कसा काढला नाही? मॅक्सी जे१८२०+०७०, असाच भडकलेला कृष्णविवराचा जोड, भुजंगधारी तारकासमूहातला, मार्च महिना, म्हणजे ढगांच्या दुश्मनांनाही चालला असता 😛 आम्ही चौघी एप्रिलमध्ये पहाटे चारला उठून आठ इंची डॉबमधून (साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण) बघितला होता. बाराव्या प्रतीच्या आसपास. खरं सांगू, बघताना काही म्हणजे काही वाटत नाही. बारीक पांढरा ठिपका, शेजारच्या दहा ठिपक्यांसारखाच, नकाशा तीन वेळा उलटासुलटा करून खात्री केली. एकीने विचारलं पण, "यासाठी अंघोळीच्या आधी उठवलंस?"

नंतर कळलं की त्याची कक्षा साडेसोळा तासांची आणि काही महिन्यांनी त्याच्या प्रकाशात जवळपास सतरा तासांची मोठी लाट यायला लागली. कक्षेपेक्षा थोडी लांब, कारण तबकडी लांबोडी होऊन स्वतःच हळूहळू वळत होती म्हणे. सुपरहंप म्हणतात. आम्ही तोवर बघायचं सोडून दिलं होतं, त्याची मात्र चुटपुट आहे.

ढगांचा_दुश्मन

२०१८ ला माझी दुर्बीण दुरुस्तीला होती. आता बोलू नका.

बाय द वे, व्ही४०४ मध्ये २०२४ ला अजून एक भर पडली. शेजारी जो तारा नुसता वाटेत आलेला समजत होते तो निघाला त्याच कुटुंबातला तिसरा, सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३५०० पट लांब, एक फेरी सत्तर हजार वर्षांची. फोटोंत कित्येक वर्षं तिथेच बसलेला, गाया उपग्रहाच्या मोजमापांवरून कळलं की दोघं बरोबर सरकतायत. आमच्या चाळीतही असं एक बिऱ्हाड होतं.

शेतावरचा_दुर्बीणवाला

सगळं दोनदा वाचलं. ७ भागिले २.८, एवढं साधं, आणि मी दीड महिना भावाशी भांडतोय. तो आता म्हणतोय लेखी माफी पाहिजे.

प्रकाशआलेख सर, एक विचारायचं होतं. हे तुमचं गणित बरोबर असेल तर तपासायचं कसं? अजून शनिवार वाढवून तर तेच येणार.

प्रकाशआलेख

सर नको हो, दादा म्हणा फार तर. बरोबर आहे, शनिवार वाढवून काही मिळणार नाही. पाच प्रदक्षिणा म्हणजे बरोबर अठ्ठावीस दिवस, चार आठवडे, त्यामुळे शनिवारी शनिवारी तुम्ही कायम त्याच चार जागा बघणार. वार बदला. येत्या शनिवारी मंद यायला हवा. रविवारी तिथेच थांबलात तर शनिवारपेक्षा ०.०३ च्या आसपास उजळ, सोमवारी थोडा खाली, मधल्या उंचीवर, आणि मंगळवारी परत जवळजवळ शनिवारइतका मंद. अगदी काट्यावर येणार नाही, ओ ताऱ्यांचा स्वतःचा वारा असतो, ते एखाद-दोन टक्के असेही हलतात. आता पश्चिमेला उतरायला लागलाय, आठच्या ऐवजी साडेसातला सुरू करा, अर्ध्या तासाने गणितात फरक पडत नाही.

शेतावरचा_दुर्बीणवाला

दादा, अपडेट. शनिवारी मंद आला, भाऊ नव्हता, फोकस मी केला. रविवारी थांबलो, वारा होता, चाळीसपैकी अकरा फोटो टाकून द्यावे लागले, उरलेल्या २९ ची सरासरी शनिवारपेक्षा ०.०२७ ने उजळ. दोनदा मोजलं. सोमवारी पहाटेच्या एसटीने ऑफिस गाठलं, त्यामुळे सोमवार-मंगळवार नाही.

भावाला स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, पुढच्या शनिवारी मटण तुझ्याकडून, आणि फोकस मीच करणार.